बारकीची तहान

“आये, पानी दे गो. इतकुसा दे.”

पंचवीस वर्षं झाली, तरी बारकीचा तो आवाज सकुबाईच्या कानातून गेला नव्हता. आठ वर्षांची पोर. तांब्यामागून तांब्या प्यायची, गोधडी भिजवायची आणि दिसामाशी वाळत चालली होती. आळीतली पोरं ‘मुतरी’ म्हणून चिडवायची. शेवटी सकुबाईने हंडा माळ्यावर चढवला. तिचा नवरा धाकलू तेव्हा मुरबाडकडे मळणीला गेला होता. तिसऱ्या दिवशी बारकी गेली. वाघोबाला द्यायचा कोंबडा चुकला म्हणून देवाने पोर नेली, असं भगत म्हणाला. कोंबडा धाकलूकडून चुकला होता. सकुबाईने हंड्याचं नाव काढलं नाही. त्या वर्षापासून धाकलूने कोंबडीचा तुकडा तोंडात घातला नाही.

आता नात समीक्षाही तशीच वाळली होती. शहापूरच्या दवाखान्यात तिला आठ दिवस ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, “आजी, रक्तात राखणदार पेशी असतात, जंतूंना मारणाऱ्या. हिच्या पेशींनी घरच्याच पेशींना परकं समजून मारलं. इन्सुलिन त्याच बनवायच्या.”

“म्हंजे राखण्याला मालकच वळखू आला नाय?”

“तसंच. राखण्याला आवरायची औषधं निघतायत, पण हिचं शेत आधीच खाल्लं गेलंय. आता जेवणाआधी रोज सुई. एक दिवसही चुकवायची नाही. घरात आधी कुणाला झालं होतं?”

“नाय बाई,” सकुबाई म्हणाली.

घरी आल्यावर तिने औषधाची डबी थंड राहावी म्हणून ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवली. लेक-सून भिवंडीला कामावर. सुई टोचायला तीच शिकली होती. दुपारी ताट वाढून मडक्यापाशी गेली, तर मडकं रिकामं. डबी धाकलूच्या मुठीत होती.

“भगत बोललाय, कोंबडा दिल्याबिगर सुई लावायची नाय. अवशेपत्तुर थांब.”

“अवस पाच दिसांवर हाय. तवर पोर ऱ्हाईल का?”

“एक पोर माज्या चुकीनी गेली, सकू. दुसरी नाय जाऊ देयाचा मी.”

ताटापुढे बसलेली समीक्षा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. भाताची वाफ विरत चालली.

सकुबाई त्याच्यासमोर खाली बसली.

“तुमच्या चुकीनी नाय गेली ती. वाघोबानीपन नाय नेली. तिला ह्योच रोग व्हता. ती पानी मांगत व्हती, न् मी हंडा माळ्यावर ठेवलेला. तीन दिस.”