फावडं थांबलं नाही

"सगळं छान आहे, पण ती रडतच नाही!" पुढच्या रांगेतले कमलाकर सर उभे राहून म्हणाले. "नवरा बुडाल्याची बातमी येते आणि बाई आपली मीठ ओढत राहते. अ‍ॅक्टिंग एकदम फ्लॅट."

पनवेलच्या त्या छोट्या हॉलमध्ये दुपारच्या खेळाला आम्ही अकरा माणसं होतो. दिग्दर्शिका प्राची पडद्याशेजारी उभी होती, माझ्या नातीच्या वयाची. कुणाला माहीत नसलेले नट घेऊन तिने हा पहिला सिनेमा केला होता.

"निर्मातेही तेच म्हणतात, सर," ती म्हणाली. "रडण्याचा शॉट आहे आमच्याकडे. उद्या हा काढून तो लावतोय."

माझा मुलगा सुदाम त्या हॉलची देखभाल करतो. मिठागरावरचा सिनेमा म्हणून त्यानेच मला आणलं होतं. आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आता तो दाराजवळ दिव्यांच्या बटणांपाशी उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

मी खुर्चीची पाठ धरून उठले.

"बाय, त्यो काढू नको."

"आजी, माइक घ्या ना."

"नको मना. आगरावं वाऱ्यात वरडून बोललेली बाय मी."

लोक हसले. मला बरं वाटलं.

"ती पोरगी कुटली?"

"नाशिकची. नाटकात काम करते."

"मंग तिला कुनी शिकवलं? चिखलात टाच टेकली नाय तिनं. टाच टेकली का खारं पानी भेगंत जातं, जीव जातो. मी बगतच व्हते, आता चुकंल, मंग चुकंल. एकदा बी चुकली नाय."

"महिनाभर मिठागरावर राहिली होती ती."

"नि सर, तुमी दांडा बगितला का? बातमी आली नि तिनं फावड्याचा दांडा जरा खाली धरला. मीठ तेवढंच, पन जड झालं. तू सांगितलंस का गं तिला?"

"नाही आजी. तिने आपसूक केलं. मी फक्त कॅमेरा थांबवला नाही."

"त्येच तुजं काम. थांबवला नाय, त्ये."

कमलाकर सर तसे भले माणूस. ते हळूच म्हणाले, "पण आजी, खरंच कुणी असं वागेल का?"

"मी वागले."

चाळीस वर्षं झाली. करंजा बंदराची बोट उलटली, माझा नवरा बुडाला, तेव्हा सुदाम आठ वर्षांचा होता. बांधावरून धावत तोच निरोप घेऊन आला. 'घरी जा, येते,' म्हणाले मी, आणि अंधार पडेपर्यंत मीठ ओढत राहिले. गावाने मला दगडाची बाई म्हटलं. सासू मरेपर्यंत म्हणाली. सुदाम कधीच काही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

"हात थांबलं असतं त पडले असते मी," मी म्हणाले. "समोर माजा पोर उबा व्हता. त्याच्यासमोर पडाचं नवतं मना."

कमलाकर सर खाली बसले. प्राची माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "नाही काढणार, आजी. भांडेन मी निर्मात्यांशी."

माणसं गेली. सुदामने दोन खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या, तिसरी उघडी ठेवून माझ्या शेजारी बसला.

"आये, मी घरी गेलोच नवतो."

"कवा?"

"त्या दिवशी. बांधाच्या पाठी बसलो व्हतो. तू निघंस्तोवर."

जे तोंडात आलं ते विचारलं.

"दिवसभर उपाशी रं?"

तो हसायला लागला. हसू आवरेना त्याला, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. वॉचमन दारातून आत डोकावला आणि दार लोटून गेला.