पडल्या वाऱ्यातला बार

मोसम संपला की गोष्टी सुरू होतात, आणि गोष्टींना सिंक्लेअरमामाच्या तंबूत शिकारीपेक्षा जास्त गर्दी असते. महिनाभर गुडघा धरून बसलेले, "आमचं आता वय झालं" म्हणणारे सगळे त्या दुपारी कसे टुणकन हजर झाले होते. मधोमध लाकडांचा जाळ, वर आडव्या दांडीला दोऱ्यांनी टांगलेले सात हंस आपापल्या दोरीवर गरगर फिरत भाजतायत, चरबी खालच्या थाळ्यांत टपटपतेय, आणि झाडून सगळे एकाच वेळी बोलतायत. ऐकणारा एकटा मामा.

मामाचे डोळे गेल्या उन्हाळ्यात गेले. त्याआधी तीस वर्षं या खाडीवरच्या शिकारीचा कारभार त्याच्याकडे होता. आज कुठल्या तळ्यावर बसायचं, कुठलं तळं मोकळं सोडायचं, बंदुका कधी उचलायच्या नि कधी गुंडाळून परत यायचं, हे एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी निमूट ऐकायचं, असा हा कारभार. निमूट हे आपलं म्हणायला. आमच्या क्री जमातीचा माणूस हुकूम पाळतो अगदी तंतोतंत, पण आठवडाभर कुरकुरतो तेही तंतोतंत.

या वसंतात मामानं कारभार भाचीकडे दिला होता, ब्यूलाकडे. एका मोसमापुरता. पुढं कायमचा कुणाकडे, ते आज ठरायचं होतं. इथली रीत अशी, की शेवटच्या जेवणात मावळता कारभारी पहिला हंस दोरीवरून कापतो आणि येत्या कारभाऱ्याच्या पुढ्यात ठेवतो. भाषण नाही, टाळ्या नाहीत, हंस ठेवला की ठरलं. सकाळीच मामानं ब्यूलाला जवळ बसवून सांगितलं होतं, "मोसम झकास झाला, पोरी. दुपारी हंस काप नि स्वतःच्याच पुढ्यात ठेव. मी गप्प राहीन, म्हणजे सगळ्यांना काय ते कळेल."

ब्यूलाला तिथल्या तिथं उडी मारावीशी वाटली होती. चाळिशी उलटलेली बाई, पण बारा वर्षांची असल्यापासून तिला हेच हवं होतं. लोक शाळेत जाऊन नर्स व्हायचं ठरवतात, ड्रायव्हर व्हायचं ठरवतात. हिनं मामाच्या मागं शिकारीच्या लपणात बसून ठरवलं होतं की एक दिवस मी बोट दाखवीन आणि तीस माणसं तिकडं जातील. आता करायचं एवढंच होतं, की सगळ्यांना मोसम सांगून संपवू द्यायचा आणि मग सुरी उचलायची. एक गोष्ट तेवढी सांगायची नव्हती.

"पहिल्या दिवसापासून सांगा," मामा म्हणाला. "आणि मधलं काही गाळू नका. मला दिसत नाही म्हणून फसवाल."

"पहिल्या दिवशी काय, बर्फच बर्फ," मिनीमावशीनं सुरुवात केली. मावशी ब्यूलाच्या आईची धाकटी बहीण. तिच्या तोंडाला या किनाऱ्यावर कुणी पुरं पडलेलं नाही. "बर्फगाड्यांवरून आलो, हाडं खिळखिळी झाली. तंबू ठोकतोय तोवर वरून हंसांची पहिली माळ, काळ्या माना लांब करून ओरडत. माझ्या अंगावर काटा. धावले बंदुकीकडं, तर या कारभारीणबाई हात आडवा करून उभ्या. म्हणे मोठ्या तळ्यावर कुणी फिरकायचं नाही. हंसांना आधी बसू दे, त्यांना तळं आपलं वाटू दे. मग आम्ही काय खायचं? तर बदकं. पाच दिवस बदकं, दादा. सहाव्या दिवशी मी चालायला लागले तर पाय आपोआप फेंगडे पडायला लागले."

तंबू हसून हसून आडवा झाला. मामासुद्धा डोळे पुसत होता.

"पण सहाव्या दिवशी काय झालं ते सांग की मावशी," ब्यूला म्हणाली.

"तूच सांग. सकाळपासून तोंडात धरून बसली आहेस."

मग ब्यूलानं सांगितलं. दक्षिणेचा वारा सुटला होता, तंबूचं कापड फडफडत होतं, आणि खाडीतल्या मोकळ्या पाण्यावर दोन-तीन हजार हंस निवांत बसले होते. अशा वाऱ्यात बंदुकीचा बार पन्नास पावलांवर विरून जातो, पलीकडच्या हंसांना पत्ताही लागत नाही. तिनं माणसं तळ्याच्या उत्तरेला बसवली, चिखलाचे आणि काटक्यांचे खोटे हंस वाऱ्याकडं तोंड करून मांडले, आणि दुपारपर्यंत चाळीस हंस पडले. खाडीतले बाकीचे पाण्यावरून उठलेसुद्धा नाहीत. सांगता सांगता तिचा आवाज चढला. कोणता थवा कुठून वळला ते ती दोन्ही हातांनी दाखवत होती, आणि मामा तिच्या आवाजाच्या दिशेनं मान फिरवत होता.

"सातव्या दिवशीही वारा," कुणीतरी म्हणालं. "एकतीस."

"आणि आठव्या?" मामानं विचारलं.

जाळाच्या पलीकडं ब्यूलाचा धाकटा भाऊ रेडफर्न बसला होता. दोऱ्यांचा पीळ सुटला की हंस थांबतात, ते पुन्हा फिरवायचं काम त्याच्याकडं होतं. त्यानं एका हंसाला बोटानं टिचकी दिली आणि तो फिरताना बघत राहिला.

"जाऊ दे ना दादा," मिनीमावशी म्हणाली. "चांगल्या जेवणात माशी कशाला?"

"गाळू नका म्हटलं होतं."

तेव्हा मावशीनंच सांगितलं, पण थोडक्यात. आठव्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वारा अचानक पडला. पान हलेना. पडल्या वाऱ्यात बार उडवायचा नाही, हे इथं पोर चालायच्या आधी शिकतं. तसा एक बार अख्ख्या खाडीला ऐकू जातो आणि हंस ते तळं मनातून पुसून टाकतात. ब्यूलानं हात वर करून खूण दिली, सगळ्यांनी बंदुका मांडीवर आडव्या ठेवल्या. धुकं उतरलं. आणि त्या चिडीचूप धुक्यात एक बार उडाला. एकच. खाडीवरचे सगळेच्या सगळे हंस एकदम उठले, आकाश काळं झालं, आणि अर्ध्या तासात पाणी नुसतं पाणी उरलं. पाच दिवस पीस दिसलं नाही.

बार आला तळ्याच्या पश्चिम कडेनं. तिथं दोनच लपणं होती, एक ब्यूलाचं आणि एक रेडफर्नचं. रेडफर्ननं चार वर्षांपूर्वी नेमकी हीच चूक केली होती, तेव्हा कुणाला डोकं खाजवायची गरज पडली नाही. तो म्हणाला, "मी नाही." त्याच्याकडं बघून सगळे जमिनीकडं बघायला लागले. आणि कारभारी म्हणून ब्यूलानंच निकाल दिला, की रेडफर्नची बंदूक या मोसमापुरती बंद.

खरं काय घडलं होतं? धुक्यातून एकटा नर आला होता, एवढा थोराड की त्याच्या पंखांचा घुं घुं आवाज आधी ऐकू आला. रेडफर्नच्या डोक्यावरून तो सरळ ब्यूलाकडं आला, तीस पावलं, वीस पावलं, गालावरचा पांढरा पट्टासुद्धा स्पष्ट. ज्या बाईनं नुकतंच हात वर करून दुसऱ्यांना थांबवलं, तिचेच हात आधी वर गेले आणि अक्कल मागून आली. वर नेमही चुकला. रिकामं काडतूस तिनं खिशात घातलं. लोक ओरडत रेडफर्नच्या लपणाकडं धावले तेव्हा तिला "थांबा" म्हणायचं होतं. आता म्हणते, मग म्हणते, असं करता करता ते म्हणायची वेळ निघून गेली, आणि तिच्या तोंडून निघाला तो निकाल.

"बरं," मामा म्हणाला. "पुढं?"

पुढं चौदावा दिवस होता. त्याचं नाव निघताच तंबूत पुन्हा जीव आला. म्हाताऱ्या बायका सरसावून बसल्या, थाळ्या वाजल्या, तिघेजण एकदम सुरू झाले आणि मिनीमावशीनं तिघांनाही बसवलं. "कारभारणीला सांगू द्या. दिवस तिचा होता."

ब्यूला उभी राहिली. बसून सांगण्यासारखा तो दिवस नव्हताच.

"पाच दिवस मी कुणाला तळ्याच्या वासालाही जाऊ दिलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही मला शिव्या घातल्यात, मला ऐकू येत होत्या. चौदाव्या दिवशी पहाटे वारा वळला. गारा, हिमाचे फटकारे, डोळे उघडवेनात. मी म्हटलं, चला. आपण लपणांत बसलो, नि तासभर काही नाही. मिशांवर बर्फ. मग दक्षिणेकडून आवाज आला, मामा. आधी वाटलं वाराच आहे. मग ढगाच्या पोटातून पहिली माळ निघाली, तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं मोजणं सोडलं. पण सगळे उंच. तळ्याकडं बघेनात. सरळ उत्तरेला चालले होते. म्हटलं गेला मोसम. आणि तेवढ्यात रेडफर्ननं..."



"रेडफर्ननं काय?" मामानं विचारलं.

"हंसाची हाक दिली," ब्यूला म्हणाली. "हातात बंदूक नाही, काही नाही. नुसत्या तोंडानं. तशी हाक मी जन्मात ऐकली नाही. पुढची मादी पंख ताणून तरंगायला लागली. तिनं मान वळवली, आणि तिच्यामागं अख्खी माळ, मग दुसरी, आकाशच आमच्यावर उतरायला लागलं. आम्ही बार उडवत होतो नि तो हाका मारत होता. मी नऊ पाडले. माझ्या आयुष्यात नऊ कधी पाडले नव्हते. तो माझ्या बाजूच्या लपणात रिकाम्या हातानं बसून माझ्यासाठी हंस बोलावत होता."

सगळे वाट बघत होते की ती आता हसेल. ती हसली नाही. नऊ हा आकडा तिनं गेले कितीतरी दिवस मनात घोळवला होता, आणि आता तो तोंडातून बाहेर पडल्यावर तिला त्याची शिसारी आली.

"मामा, आठव्या दिवसाचा बार माझा होता," ती म्हणाली. "रेडफर्नचा नव्हता. मी उडवला, मी लपवला, आणि शिक्षा त्याला दिली."

मामाचा चेहरा जाळाकडं होता. त्यावरून काही कळेना.

"लागला तरी का?" मिनीमावशीनं हळूच विचारलं.

"नाही. चुकला."

मावशीनं तोंडावर हात ठेवला. हसू दाबलं की शिवी, ते तिचं तिलाच माहीत.

सकाळी सांगितलं होतं तसाच मामा गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ आता काय घ्यायचा हे त्यानं भाचीवर सोडलं होतं. ब्यूलानं सुरी उचलली. सगळ्यात मोठा हंस निवडला, दोरी कापली. दोरी तापलेली होती, बोटं भाजली. थाळी घेऊन ती जाळाला वळसा घालून गेली आणि रेडफर्नच्या पुढ्यात ठेवली. तीस वर्षं जे मागितलं ते असं स्वतःच्या हातानं दुसऱ्याला देताना तिला फार जड गेलं, खोटं कशाला सांगायचं. पण छातीवरचा धोंडाही त्याच क्षणी उतरला.

रेडफर्ननं थाळीकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तो नर माझ्याच डोक्यावरून गेला, ताई. मी त्याच्याकडं बघत होतो, म्हणजे तुझ्याकडंच."

ब्यूला त्याच्या शेजारी बसली. "मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. मी नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. कोण, ते सांगणं माझं काम नव्हतं."

"राग नाही आला?"

"आला. अजून आहे." त्यानं हंसाची एक तंगडी पिळून मोडली आणि मामाच्या थाळीत ठेवली, दुसरी मोडून तिच्या. "मी रोज सकाळी तुझ्या तंबूबाहेर चहा प्यायला यायचो, आठवतं? तुला वाटलं मी बंदूक परत मागायला येतो. मला रोज वाटायचं, आज सांगेल."

ब्यूलाला घास उचलवेना. रेडफर्ननं तिची थाळी बोटानं तिच्याकडं आणखी थोडी सरकवली आणि उरलेला हंस वाटायला घेतला.