साडेतीन तास मागे

अभिराजचा फोन अडीचला यायचा होता. सकवारबाईंनी दोन वाजताच नवऱ्याला उशा लावून बसवलं, तोंड पुसलं, इस्त्रीचा शर्ट घातला. प्राग बघायला निघालेला माणूस मळक्या बनियनवर कसा बसेल?

विठोजींनी तेहतीस वर्षं घड्याळांच्या कारखान्यात बारीक चाकं बसवली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या कॅलेंडरवरचं एक चित्र ते कापून घरी घेऊन आले. प्रागच्या चौकातलं सहाशे वर्षांपूर्वीचं घड्याळ. तास भरला की खिडक्या उघडतात, संतांचे पुतळे एकामागून एक पुढून जातात, हाडांचा सापळा दोरी ओढून घंटा वाजवतो. लहान अभिराजला मांडीवर घेऊन ते चित्र दाखवायचे. पोरगं म्हणायचं, "अण्णा, मी नेतो तुम्हाला." नेणारही होता. पासपोर्ट आला, व्हिसाची तारीख आली, आणि फेब्रुवारीत विठोजींचं उजवं अंग गेलं. वाचा गेली.

मे महिन्यात अभिराज बायकोला, गौरीला घेऊन गेला. जाऊ दे, सुट्टी मंजूर झालेली होती. पण एकाच शहरात महादेवपुऱ्याहून मल्लेश्वरमला यायला याच मुलाला तीन महिने ट्रॅफिक आडवा येत होता. हॉस्पिटलात दोनदा तोंड दाखवलं, तेवढंच. बापाच्या खाटेपर्यंतची वाट सापडत नाही आणि समुद्रापलीकडची बरोबर सापडते. शहराला शिव्या द्यायची सोय आहे म्हणून बरं, नाहीतर अशा पोरांनी काय सांगितलं असतं?

विठोजींच्या तोंडात एकच शब्द उरला होता. बा. कानडीतला बा, म्हणजे ये. घराणं कैक पिढ्या या मुलखातलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. अभिराज रांगायला लागला तेव्हापासून विठोजी त्याला हात पसरून "बा, बा" असंच बोलवायचे. बायकोशी पन्नास वर्षं बोललेली मराठी सगळी पुसली गेली आणि हे एक अक्षर तेवढं राहिलं. दाराची कडी वाजली की म्हणायचे, बा. दूधवाला असायचा. सकवारबाईंना आधी आधी राग यायचा. मग तोही येईनासा झाला.

फोन वाजला. "आई, अण्णांसमोर धर! इथे अकरा वाजतायत!"

"स्वल्प थांब. चष्मा लावते त्यांना."

पडद्यावर आधी अभिराजचं नाक आलं, मग गौरीची टोपी, मग माणसांची डोकीच डोकी, आणि प्रत्येक डोक्यावर उचललेला फोन. शेवटी अभिराजनं हात उंच केला. सापळ्यानं दोरी ओढली. खिडक्या उघडल्या. विठोजींचा डावा हात चादरीवर हलायला लागला, चिमटीत एखादं बारीक चाक धरल्यासारखा.

मग अभिराजनं फोन स्वतःकडे वळवला. "अण्णा! कसं वाटलं?"

हात थांबला. विठोजींनी मुलाचा चेहरा बघितला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"बा," ते म्हणाले. "बा. बा."

"गौरी, ऐकलंस? अण्णा वा म्हणतायत! वा वा!"

"अभि, वा नाही रे!" सकवारबाई ओरडल्या. "बा म्हणतायत. तुला बोलावतायत!"

"काय? घंटा वाजतेय इथे, काही ऐकू येत नाही! वा म्हणाले ना? ऐकलं, ऐकलं! सरी, बरं, ठेवतो आई, आमची बस निघतेय!"

संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, 'अण्णांचं स्वप्न पूर्ण.' त्याखाली अंगठ्यांची रांग. कुणी डोळे पुसणारी बाहुलीही टाकली होती.

रविवारी तो परतला. झोपेचं सगळं बिघडलंय, पुढच्या शनिवारी नक्की येतो, म्हणाला. विठोजी गुरुवारी गेले. त्या दिवशी महादेवपुऱ्याहून मल्लेश्वरम तासाभरात आलं.

तेराव्याला अभिराजनं प्रागहून आणलेलं छोटं घड्याळ फोटोपुढे ठेवलं. घड्याळवाल्याचा मुलगा, पण काटे फिरवायचं सुचलं नव्हतं. ते साडेतीन तास मागेच चाललं होतं. जेवणं उरकून माणसं बसली होती. चुलत दीर जयसिंगराव होते, शेजारचे गुरुप्रसाद होते. अभिराज डोळे पुसत सांगत होता. त्याचं रडणं खोटं नव्हतं, हाच तर खरा वैताग.

"शेवटचा शब्द 'वा' होता अण्णांचा. तृप्त होऊन गेले."

भिंतीला टेकून बसलेल्या सकवारबाईंनी मान वर केली. "वा नव्हे," त्या म्हणाल्या. "बा."

गुरुप्रसादांनी हातातला ग्लास खाली ठेवला. त्या खोलीत कुणालाच अर्थ सांगावा लागला नाही.

अभिराज आईकडे वळला. "आई, तेव्हाच सांगायचंस ना गं."

"सांगितलं होतं," सकवारबाई म्हणाल्या. "तुझ्याकडे घंटा वाजत होती."