मनगटाची आठवी फिल्म

पाच महिन्यांत पोलिसांनी देहविक्रीच्या अड्ड्यांवरून सोडवलेल्या सात मुलींच्या डाव्या मनगटात एकाच जागी, एकाच कोनात जुळलेले जुने फ्रॅक्चर होते.

वय ठरवण्यासाठी काढलेल्या जुन्या फिल्म लावून ठेवताना एक्स-रे विभागाच्या ताईंच्या हे लक्षात आले. सातही फिल्म त्यांनी उजेडाच्या पेटीवर मोजपट्टीने तपासल्या. हाडांची वाढ सगळीकडे पूर्ण झालेली; म्हणजे वय अठराच्या वर, म्हणजे निवारागृह नाही, 'स्वखुशीने' पुन्हा अड्डेवाल्या मावशीच्या ताब्यात. योगायोगावर ताईंचा विश्वास होता, पण सात वेळा नव्हता. फिल्म घेऊन त्या थेट, या मुलींचे खटले चालवणाऱ्या न्यायाधीश बाईंकडे गेल्या.

सोमवारी हवालदाराने आठवीला आणले. ओळख फुटू नये म्हणून नियमाप्रमाणे तिचा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला.

"ताई, जरा पटपट हात चालवा. दुपारी तारीख आहे, इन्स्पेक्टरसाहेब माझं डोकं खातील."

"खाऊन पोट भरणार नाही त्यांचं. बाहेर थांबा."

दारावरचा लाल दिवा लागला. तो विझेपर्यंत आत पाऊल टाकायची छाती पोलिसांतही कुणाची नव्हती.

फिल्म बाहेर आली. तेच फ्रॅक्चर.

"मनगट कधी मोडलं गं?"

"नववीत. जिन्यावरून पडले."

"आणि इथे कितव्यांदा आलीस?"

स्कार्फ सोडत ती म्हणाली, "ओळखलंय तर विचारता कशाला? आठव्यांदा. साहेबांनी माझी केस दाबून ठेवलीय. बोलावलं की यायचं, हात ठेवायचा, जायचं."

"खरी मुलगी?"

"खाली जीपमध्ये. माझ्या धाकटीएवढी आहे हो."

किरणे अडवणाऱ्या शिशाच्या काचेमागे बसलेल्या न्यायाधीश बाई उठल्या आणि त्यांनी दार उघडले. त्यांना पाहून हवालदाराच्या तोंडचे पाणी पळाले.

मुलीला वर आणले. "दुखेल?" तिने विचारले.

"फोटोच आहे. हलू नकोस फक्त."

हाडाच्या टोकाशी वाढीची फट स्वच्छ उघडी होती. वय सुमारे पंधरा. मुलगी निवारागृहात गेली. आधीच्या सातजणींच्या शोधाचे आदेश त्याच दुपारी निघाले.

ताईंनी अहवालात लिहिले: आठही फिल्म एकाच प्रौढ स्त्रीच्या आहेत. अल्पवयीन ठरलेली मुलगी अड्ड्यावर परत देता येत नाही, म्हणून इन्स्पेक्टर मुलीऐवजी हिला पाठवत. नाव आम्ही ठाण्याच्या पत्रावरून उतरवत होतो आणि झाकलेला चेहरा उघडून पाहत नव्हतो.