आडवी धरलेली काठी

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव, मार्गशीर्ष महिन्याचा वद्य पक्ष, थंडी नुकती पडू लागलेली. त्या दिवसांत मला वेळूच्या बेटातून तोडलं. मी काठी आहे. साखरा गावच्या दगडोबा धनगराच्या हातातली, भरीव वेळूची. ऐकायचं असेल तर बसा. मी थोडक्यात सांगेन.

वेळू अंधाऱ्या पक्षात तोडला तर त्याला कीड लागत नाही, हे दगडोबाला त्याच्या बापानं शिकवलं होतं. त्यानं मला महिनाभर सावलीत ठेवलं. मग निखाऱ्यावर शेकून, गुडघ्यावर दाबून सरळ केलं. पेरं घासली. करडईचं तेल पाजलं. खालचं लोखंडी कडं तेवढं लोहारानं बसवलं, बाकी सगळं त्याच्या हातचं. विकतची काठी धरणाऱ्याला तो मेंढपाळ मानत नसे. तेव्हा तो चाळिशीत होता.

लोकांना वाटतं, मेंढपाळाची काठी मारायला असते. तसं नाही. मेंढराला मारलं तर ते बिथरतं आणि त्याच्यामागं सगळा कळप बिथरतो. काठी नुसती दाखवायची असते. जमिनीत रोवली की चरा. पुढं केली की चला. दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरली की थांबा.

ही शेवटची खूण रस्त्यावरही चाले. कळप सडक ओलांडायला निघाला की दगडोबा सडकेच्या मधोमध उभा राहायचा आणि मला आडवी धरायचा. ट्रक थांबत, एसटी थांबे, जीपा थांबत. शेवटचं कोकरू पलीकडं जाईपर्यंत कुणी भोंगा वाजवत नसे. दगडोबाची अशी समजूत झाली होती की ही खूण सगळ्या जगाला कळते.

दिवाळीनंतर आम्ही घर सोडायचो. पार वसमतकडच्या रानापर्यंत जायचो. शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घेत, लेंड्यांचं खत व्हावं म्हणून, आणि त्याबद्दल धान्य देत. सोबत सुभद्राबाई, दगडोबाची बायको. तोंडानं फटकळ. भाकरी थापता थापता म्हणायची, “माझ्या हाताला कधी धरलं न्हाई येवढं त्या काठीला धरता तुमी.” दगडोबा मला तेल चोळत राहायचा. तो एकूणच कमी बोलायचा.

तीस वर्षं गेली. मी काळी पडले, गुळगुळीत झाले. दगडोबाचे गुडघे गेले. त्यानं लांबचं फिरणं सोडलं, चाळीसेक मेंढरं ठेवली आणि गावाच्या शिवारातच चारू लागला. एक जुनी मोपेड घेतली. कुठं जायचं झालं की तो मला मोपेडच्या कडेला दोरीनं बांधायचा. उतरल्यावर दोन पावलंही त्याला माझ्याशिवाय टाकता येत नव्हती.

मागच्या वर्षी, म्हणजे दोन हजार पंचवीसच्या फाल्गुनात, सुभद्राबाईला डोळ्यांनी कमी दिसू लागलं. दगडोबा तिला मागं बसवून हिंगोलीला दवाखान्यात निघाला. हळदीच्या काढणीचे शेवटाशेवटाचे दिवस होते, वावरावावरात ती शिजत होती. एका फाट्यावर पोलिसांची नाकाबंदी होती.

एका पोलिसानं हात केला. दगडोबानं ब्रेक दाबला. मोपेड जुनी, त्यातून उतार. ती पंधरा पावलं पुढं जाऊन थांबली. पोलीस धावत आला. असेल पंचविशीचा. त्यानं आधी चावी काढून घेतली.

“हात केलेला दिसला नाही का, म्हाताऱ्या?”

दगडोबा म्हणाला, “दिसला की. गाडी माझ्यावाणीच हाय. थांबायला येळ लागतो तिला.”

तो चेष्टा करत नव्हता. पण चहाच्या टपरीवरची दोन-तीन माणसं हसली. पोलिसाचं तोंड लाल झालं. त्यानं दगडोबाची गचांडी धरली आणि त्याला गाडीवरून ओढलं. गाडी कलंडली. सुभद्राबाई सडकेवर पडली, बरोबर मधोमध, आणि तिला उठता येईना.

तेवढ्यात उतारावरून एक काळीपिवळी जीप माणसांनी भरून आली.

दगडोबानं पोलिसाच्या हाताला हिसडा दिला. मला दोरीतून उपसलं, बायकोच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि मला दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं. दुसरं काय करणार होता तो? त्याला एवढंच येत होतं.

काळीपिवळी थांबली. तिच्यात आणि आमच्यात दोन हातांचं अंतर राहिलं.

ती थांबली आणि मागून मला कुणीतरी ओढून घेतलं. पोलिसाला दिसलं ते एवढंच, की म्हाताऱ्यानं हिसडा दिला आणि काठी काढली. मी त्याच्या हातात गेले. त्या हाताला मारणं ठाऊक होतं.

पहिला फटका दगडोबाच्या पाठीत बसला. तो मी होते. दुसरा दंडावर. तिसऱ्याला त्यानं उजवा हात आडवा केला आणि मनगटाचं हाड माझ्याखाली मोडलं. मला ते कळलं. वेळू मोडतो तेव्हा होतो तसाच आवाज होता. तीस वर्षांत मी एका मेंढरालाही लागले नव्हते.

दुसरा पोलीस वयानं मोठा होता. तो म्हणाला, पुरे, पडला तो. मला गटारीत फेकून दिलं.

टपरीवरची माणसं आता हसत नव्हती. उठलंही कुणी नाही. काळीपिवळीवाला उतरला. उत्तमसिंग त्याचं नाव, आमच्याच भागातल्या गोरेगावचा. त्यानं आपली बसलेली माणसं खाली उतरवली, दोघांना उचलून गाडीत निजवलं. दगडोबा डोळे मिटून “काठी, काठी” म्हणत होता. उत्तमसिंगानं मला गटारीतून काढून सीटखाली सरकवलं आणि गाडी थेट हिंगोलीला नेली.

दगडोबाचं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. सुभद्राबाईच्या खुब्याचं हाड गेलं होतं. उत्तमसिंग दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून राहिला. धंदा बुडाला तरी बसला. चहा आणला, सुभद्राबाईला पाणी पाजलं. दगडोबा त्याला म्हणाला, तुझे उपकार डोक्यावर ठेवून मरणार न्हाई मी.

उत्तमसिंग म्हणाला, “उपकार कसले बाबा. मी समोर होतो. काठी आडवी होती, मला थांबवायला. कुठंबी इचारलं तरी सांगीन.”

ते शब्द मी ऐकले. दगडोबा तर त्यांच्यावरच जगला पुढचे आठ दिवस. दुखण्यापेक्षा त्याला एकच गोष्ट खात होती. पोलिसांनी असं लिहून ठेवलं होतं की म्हाताऱ्यानं ड्युटीवरच्या माणसावर काठी उगारली. हाड मोडलं ते त्यानं सोसलं असतं. हे लिहिलेलं त्याला खोडून हवं होतं. बाकी काही मागायचं नव्हतं.

नवव्या दिवशी तो ठाण्यात गेला. सोबत कोंडीबा, गावचा जुना सरपंच, त्याच्याच बरोबरीचा. मोठे साहेब वाईट बोलले नाहीत. खुर्ची दिली. म्हणाले, आमच्या माणसानं असं असं लिहून दिलंय, हे गुन्ह्यात बसतं.

दगडोबा म्हणाला, “माझी काठी माणसावर कधी उठली न्हाई, साहेब. बाई रस्त्यात पडली व्हती, गाडी येऊन राहिली व्हती. मी आडवी धरली.”

“कशी धरली, दाखवा.”

दगडोबा उठला. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. त्यानं डाव्या हातानं मला डोक्यावर नेलं. एका हातानं काठी आडवी राहत नाही. एक टोक खाली गेलं, दुसरं वर. मी ताठ राहायचा प्रयत्न केला, पण काठीच्या हातात काय असतं? साहेबांनी बघितलं आणि मान हलवली. त्यांना ती उगारलेलीच दिसली.

“कुणी बघितलं असेल तर आणा,” ते म्हणाले.

सोमवारी उत्तमसिंग आला. मी दगडोबाच्या गुडघ्याला टेकून उभी होते. उत्तमसिंगानं आमच्याकडं बघितलं नाही. भिंतीकडं बघत, हात जोडून बोलला.

“साहेब, धूळ लई व्हती. काठी दिसली. आडवी का उभी, ते बराबर सांगता येत न्हाई.”

त्याची काळीपिवळी रोज त्याच रस्त्यानं जायची. रोज त्याच फाट्यावर त्याला हात होणार होता. नऊ माणसांच्या जागी तो सोळा बसवायचा. हे सगळं दगडोबालाही ठाऊक होतं. 

कोंडीबानं दगडोबाला बाहेर पिंपळाखाली नेलं. दगडू, मिटव आता, म्हणाला. घरी बाई अंथरुणाला खिळलेली. तारखांना कोण येणार? मेंढरांमागं कोण जाणार? तुझ्या खरेपणानं तिला खायला मिळणार का? दगडोबा बराच वेळ माझ्या कड्यानं माती उकरत राहिला. मग आत गेला.

कागद तयारच होता. एका पोलिसानं वाचून दाखवला. गैरसमजातून प्रकार घडला, माझ्याकडून चूक झाली, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. खाली सही.

दगडोबाला सही येते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात, कंदिलाच्या उजेडात, दोन महिने घालवून तो ती शिकला होता. पुढं मतदान असो, सोसायटी असो, त्यानं कधी अंगठा दिला नाही. कुणी शाईचा डबा पुढं केला तर रागावायचा. त्या दिवशी उजव्या हाताची बोटं प्लास्टरातून हलत नव्हती. त्यानं पेन घेतला, डाव्या हातानं एक रेघ ओढली, ती भलतीकडंच गेली. पोलिसानं शाईचा डबा पुढं सरकवला.

दगडोबानं अंगठा दिला.

त्याला मारणारा तो पोरगा दारातच उभा होता. साहेबांनी सांगितलं, बाबा, याला एकदा हात जोडा, विषय संपला. दगडोबाला हात जोडता येईनात. तो पोरगा खाली बघत म्हणाला, राहू द्या. दगडोबानं मला काखेत धरलं, डावा हात छातीशी नेला आणि मान वाकवली. ती मान मी तीस वर्षं बघितली होती. वाकलेली पहिल्यांदा बघितली.

घरी सुभद्राबाईनं खाटेवरूनच विचारलं, काय ठरलं.

“तक्रार न्हाई म्हणून लिहून दिलं.”

 ती म्हणाली, “मंग माझं हाड आपसूकच मोडलं म्हणायचं.”

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “ती काठी चुलीत घाला. तिनंच मारलं तुमाला.”

दगडोबा म्हणाला, “तिला कुणी इचारलं व्हतं?”

मला जाळलं नाही. जाळलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

आता मी डाव्या हातात असते. उजवं मनगट वाकडं बसलं. पेला धरता येतो, मेंढी धरता येत नाही. मोपेड कोंडीबानं ठाण्यातून सोडवून आणली, ती गोठ्यात उभी आहे. दगडोबा तिच्यावर पुन्हा बसला नाही. सुभद्राबाई उठली नाही. तिचे डोळे दाखवायचे राहिले ते राहिलेच. आता तिला दारातून कोण आलं तेही कळत नाही, माझ्या कड्याचा आवाज आला की दगडोबा आला असं समजते.

पोळ्याच्या आधी त्यानं मेंढरं विकली. व्यापारी टेम्पो घेऊन आला. मेंढरं चढताना बिथरली. दगडोबानं सवयीनं मला वर नेलं. एकच हात होता. मेंढरांना खूण कळली नाही, ती सैरावैरा पळाली. व्यापाऱ्याची माणसं हसली आणि ओढून ओढून त्यांना चढवू लागली. दगडोबानं मला खाली घेतलं आणि तोंड फिरवलं.

तुम्ही रस्त्यानं जाता. एखादा म्हातारा काठी आडवी धरून उभा दिसला, तर त्याच्या हाताकडं बघण्याआधी त्याच्या मागं काय आहे ते बघा. मागं काहीतरी असतं. माझं मागणं एवढंच आहे. ते कुणी ऐकेल असं मला वाटत नाही.

व्यापाऱ्याला सगळी मेंढरं दिली, एक सोडून. एक गाभण मेंढी दगडोबानं मागं ठेवली होती, कळपातली सगळ्यांत चांगली. दुसऱ्या दिवशी तिच्या गळ्यात दावं बांधून तो पायी निघाला. वाकड्या हाताला दाव्याचा वेढा, डाव्या हातात मी. गोरेगावला पोचायला दुपार झाली. दर शंभर पावलांवर त्याला बसावं लागत होतं.

उत्तमसिंग दारात काळीपिवळी धूत होता. आम्हाला बघून पाण्याची बादली तशीच हातात राहिली.

“बाबा, हे काहून?”

“त्या दिशी रस्त्यातून उचललंस आमाला. त्याचं हाय.”

उत्तमसिंगाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, “बाबा, त्या सोमवारी ठाण्यात मी...”

दगडोबानं दावं त्याच्या हातात दिलं आणि आम्ही वळलो.