गुलजार पिंजाऱ्यानं गिटार वाजवली ते

देऊळघाटचा गुलजार पिंजारी असा गडी, का त्यानं पिंजलेला पुंजका उडाला तं दोन-दोन दिस बुलढान्याच्या घाटावर ढग म्हनून फिरे. पन त्या साली बोंडअळीनं बीटीचा कापूस बोंडातच खाऊन टाकला. गाद्या भराले कोनी बोलावेना. ज्याले परवडे तो दुकानातून फोमची गादी आने. गुलजारची धुनकी, म्हंजे त्याची ती तार लावलेली कमान, खुंटीवर लटकून राह्यली.

त्याची पोरगी अलीजा बुलढान्यात कालेजले. मैत्रिनीच्या गिटारीवर वाजवाले शिकली, गॅदरिंगमंधी नाव लागलं, अन् ऐन टायमाले मैत्रीन गिटार घेऊन पुन्याले निंगून गेली. पोरीनं जेवन सोडलं. मंग मोबाईलवर जाहिरात दिसली : विंटेज गिटार, चाळीस साल जुनी, बुलढाना.

"जुनी काऊन घ्याची बेटा?"

"अब्बा, नवीचा आवाज कोरा असते. जुनी मुरते, लोनच्यावानी."

भाव फोनवरच ठरला. पन गॅदरिंग उद्यावर आलं होतं अन् तालीम चुकली तं सर नाव काटत होते. म्हनून गिटार आनाले एकटा गुलजार गेला.

इकनारे वैजनाथराव, रिटायर बाबू. सोफ्यावर गिटार शालीत गुंडाळून बाळंतीनीवानी निजवली होती. शाल बाजूले करून म्हने, "तिघं येऊन गेले, मी नाही दिली. जो वाजवून दाखवीन त्यालेच देतो. वाजवा."

गुलजारनं हात जोडले. "मले नाही हो साहेब, पोरीले येते."

"मंग पोरीले आना."

"उद्या सकाळीच गॅदरिंग हाय!"

"मंग जमत नाही," म्हनून वैजनाथराव गिटारीवर पुन्हा शाल टाकू लागले.

गुलजारनं गिटारीकडं पाह्यलं. साऱ्या जिंदगीत एक तार वाजवली, इथं तं सहा! म्हने, "थांबा साहेब, वाजवतो. पन थोडा कापूस लागन."

"कापूस? काऊन?"

"कापसाबिगर माह्या हाताले ताल येत नाही."

हे सैपाकघरात शरयूबाईनं आयकलं. वैजनाथरावची बायको. लगेच मागच्या खोलीतून गादी ओढत आनली. "हे घ्या भाऊ! सासूबाईच्या काळची हाय, निस्ता दगड! कवाची म्हनून राह्यली याइले, पिंजारी आना, पिंजारी आना." अन् इळ्यानं गादीचं पोट टरटर फाडलं.

गुलजारनं गिटार आडवी धरली, तारा कापसात बुडवल्या, अन् मारला हात. तुंग तुंग धनन! तुंग तुंग धनन!

काय सांगाव! कापूस पंख्याले भिडला, पंख्यानं खिडकीतून बाहेर फेकला. चिखली रोडवर यष्टीवाल्यानं वायपर चालू केले. शेजारनीनं गारा समजून गच्चीवरचे पापड उचलले. एकाची काळी म्हैस अशी पांढरी झाली, का मालक तिच्याच समोर उभा राहून तिले हाका मारे. अन् सोफ्यावर वैजनाथरावच्या टकलावर ऐन जवानीतल्यावानी केस!

"थांबा बे! माह्या गिटारीचे हाल करता का?"

"काय हाल?" शरयूबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "पंधरा साल झाले, तुमी तिले पुसता अन् झाकता. आज घरात आवाज तं निंघाला तिचा! अट तुमचीच ना? वाजली का नाही?"

"वाजली… पन हे गानं कोनतं?"

"गादीचं," गुलजार म्हने.

वैजनाथरावनं टकलावरचा कापूस झटकला. मंग हळूच म्हने, "पोरगी खरंच वाजवते?"

"साहेब, ती वाजवाले बसली तं आमची बकरी चारा सोडते."

"इतकं खराब?"

"नाही हो! आयकत बसते."

वैजनाथरावनं सोताच्या हातानं गिटार शालीत गुंडाळली. "उद्या मी येतो. पहिल्या रांगेत जागा धरा."

"दोन जागा धरा," शरयूबाई म्हने. "अन् भाऊ, जाच्या आंधी दोन उशाबी राह्यल्या."

दिवेलागनीले गुलजार घरी पोचला. अलीजानं शाल सोडली, गिटार छातीशी धरली अन् तारा छेडल्या. आवाज असा मुरलेला, का चुलीजवळ तिच्या मायचा, फातिमाचा, हात पिठातच थांबला. तेवढ्यात गिटारीच्या पोटातून पांढरा पुंजका निंघाला अन् पोरीच्या नाकावर बसला.

"अब्बा, हे काय हो?"

"जुनी हाय बेटा," गुलजार दाढी खाजवत म्हने. "केस गळून राह्यले तिचे."