तिसऱ्या वर्षाचा चषक

अनुसूयेला तो चषक हवा होता. नुसता जिंकायला नव्हे, कायमचा घरी ठेवायला. असोसिएशनचा नियमच तसा होता: महिला बॅडमिंटनचा फिरता चषक एकाच खेळाडूने लागोपाठ तीन वर्षं जिंकला, की तो तिचा. सत्तावन्न साली तिने जिंकला, अठ्ठावन्नलाही जिंकला. दोन्ही वेळा तो बसवनगुडीच्या माहेरी अकरा महिने कपाटावर चमकला आणि बाराव्या महिन्यात पिशवीत घालून परत द्यावा लागला. आपली वस्तू आपल्याच हाताने परत करायची, याच्याइतकी चीड आणणारी गोष्ट दुसरी नाही.

तिला शिकवलं ते मिसेस कार्टराइट यांनी. रिचमंड टाऊनमध्ये एकट्या राहणाऱ्या, पंच्याहत्तरीच्या इंग्रज बाई. शेजारपाजारची मुलं त्यांना दोरसानी, म्हणजे मडमबाई, म्हणत. तरुणपणी त्यांनी इंग्लंडात उन्हाळ्यात टेनिस आणि हिवाळ्यात बॅडमिंटन असं बारा महिने मैदान मारलं होतं, तेही घोट्यापर्यंत लोंबणारा झगा सांभाळत. पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी बंगळूरला आल्या. नवरा गेला, साहेबांचं राज्य गेलं, बाई मात्र राहिल्या.

आणि राहिली त्यांची भांडणं. लंडनहून जुन्या विजेत्यांच्या यादीचं एक पुस्तक आलं होतं. त्यात मिस लाइल नावाच्या मुलीला चार विजेतेपदं होती आणि मिसेस कार्टराइट नावाच्या बाईला दोन. दोघीही याच! टेनिसचा एक फिरता चषक तर त्यांनी लागोपाठ तीनदा जिंकला होता, पण दोनदा मिस म्हणून आणि एकदा मिसेस म्हणून. क्लबाने तो दिला नाही तो नाहीच.

"सहा पत्रं लिहिली," बाई इंग्रजीत करवादायच्या. "उत्तर काय, तर मिस लाइल नंतर खेळल्याची नोंद नाही. अरे, मूर्खांनो, ती मेली नाही, तिचं लग्न झालं!" मग अनुसूयेकडे रॅकेट रोखून म्हणायच्या, "तू तिसरं वर्ष जिंकल्याशिवाय लग्न करू नकोस."

अनुसूया हसायची. "मॅडम, आमच्यात नाव बदलतात ते घरात हाक मारायला."

एकोणसाठच्या वैशाखात तिचं लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले, नवरदेव विश्वेश्वराने अंगठीने त्यात नाव लिहिलं: सोयराबाई. सासऱ्यांच्या आजीचं नाव. बायकांनी पेढे वाटले आणि त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला.

सासर चांगलं निघालं, हीच खरी पंचाईत. सासरे अप्पासाहेब मोहिते यांना सुनेच्या खेळाचं कोण कौतुक! जयनगरच्या नव्या घरामागे त्यांनी स्वतः दोन खांब रोवून जाळी बांधून दिली. वर्तमानपत्रांतली तिची कात्रणं सोयरीक ठरल्यापासून वहीत चिकटवून ठेवली होती. सून अंगणात खेळत असली की भिंतीवरून डोकावणाऱ्या शेजाऱ्यांना ते कानडीत गुण मोजून दाखवत.

आश्विनात स्पर्धा आली. अनुसूया सामन्यांचा तक्ता बघायला गेली, तर तक्त्यात अनुसूया घाडगे नाहीच. खाली, नवख्या मुलींच्या घोळक्यात, सौ. सोयराबाई मोहिते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती घरी आली.

"मामा, फॉर्म कुणी भरला?"

"मीच की!" अप्पासाहेबांची छाती फुगली. "तू स्वैपाकघरात होतीस. म्हटलं, आपणच नेऊन देऊ. आमच्या आजीचं नाव पेपरात येईल बघ आता."

वैऱ्याशी भांडता येतं. जाळी बांधून देणाऱ्याशी कसं भांडायचं? ती उलट पावली असोसिएशनचे सेक्रेटरी जयतीर्थराव यांच्याकडे गेली.

"सरी, बरोबर आहे, अक्का, मी ओळखतो तुम्हाला," ते म्हणाले. "पण कागद ओळखत नाही ना. आधी खेळा, मग बघू."

दोन वर्षांची विजेती पहिल्या फेरीपासून खेळली. तीनऐवजी पाच सामने. अंतिम सामना तिसऱ्या गेमपर्यंत ताणला गेला आणि तिने तो अकरा-नऊ असा, नुसत्या रागाच्या जोरावर काढला. चषक देताना जयतीर्थराव माइकवर म्हणाले, "पहिल्याच विजयाबद्दल अभिनंदन!"

"तिसऱ्या!" पहिल्या रांगेतून मिसेस कार्टराइट काठी आपटत ओरडल्या. "थर्ड! थर्ड!" लोक हसले. म्हातारीचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटलं असणार. अनुसूयेला मात्र रडू फुटलं.

कार्यक्रम संपल्यावर जयतीर्थरावांनी तोडगा सांगितला. सासरच्या कर्त्या माणसाने लिहून द्यावं, की ही आणि ती एकच. सही झाली, की चषक कायमचा तिचा. त्यांनी कमिटीला विचारलंही होतं.

"माझ्या वेळी असं लिहून देणारा कुणी भेटला असता तर," मिसेस कार्टराइट एवढंच म्हणाल्या. त्यांनी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

घरी येताच अप्पासाहेबांनी पेन मागवलं. आपली चूक कळल्यावर ते बिचारे पार खजील झाले होते. "एवढंच ना? एक सोडून दहा सह्या करतो. इकडं ये, बाळ, स्वल्प बस." त्यांनी चष्मा लावला आणि वळणदार अक्षरात सुरुवात केली: 'लिहून देतो की, आमची सून सौ. सोयराबाई मोहिते ही लग्नापूर्वी कुमारी...'

पेन थांबलं.

त्यांनी कात्रणांची वही ओढली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. सगळ्या कात्रणांत एकच छापलेलं: मिस ए. घाडगे. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, तर सासूबाईंनी नकारार्थी मान हलवली. विश्वेश्वर काही बोलणार होता, तेवढ्यात अप्पासाहेबांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं,

"ते ए म्हणजे काय गं, बाळ? अहल्या, का अनुसूया?"

तिने सांगितलं. सांगताना तिची जीभ अडखळली, कारण वैशाखापासून या घरात ते नाव कुणी घेतलं नव्हतं, तिनेसुद्धा.